शंभर टक्के निकाल, पण कोणाच्या शंभरांचा? : मुंबई इलाख्यातील शाळा, फैजपूर आणि पटावरची मुले (धागा)

१/ शाळेच्या फाटकावर फलक लागतो : ‘निकाल १०० टक्के’. वाचणारा समाधानाने पुढे जातो. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र तेथेच थांबावे लागते. हे शंभर टक्के कोणाचे? पहिलीत किती मुले बसली होती, त्यांतील किती परीक्षेच्या बाकापर्यंत पोहोचली, आणि जी पोहोचली नाहीत ती कोणत्या घरांतली होती? गेल्या दीडशे वर्षांत महाराष्ट्रातील शालेय शिक्षणावर जे मोठे वाद झाले, त्यांच्या मुळाशी हेच तीन प्रश्न आहेत. हा धागा त्या प्रश्नांविषयी, आणि त्यांच्या इतिहासात खानदेशातल्या फैजपूर या गावाला आलेल्या स्थानाविषयी.

२/ आधी शब्दाचा उलगडा. आज सहावी ते आठवी या वर्गांना आपण उच्च प्राथमिक म्हणतो. एकोणिसाव्या शतकातील मुंबई इलाख्यात ‘मिडल स्कूल’ म्हणजे इंग्रजी शिकवणारे पहिले काही वर्ग. मराठी चौथी झाली की मुलापुढे वाट दुभंगे. एक वाट इंग्रजी शाळेकडे, तेथून मॅट्रिक, कॉलेज आणि वरच्या सरकारी नोकरीकडे. दुसरी वाट मराठी शाळेतच पुढे जाई आणि कालांतराने सातवीच्या ‘व्हर्नाक्युलर फायनल’पाशी संपे. फायनल झालेला मुलगा शिक्षक किंवा तलाठी होऊ शके. खेड्यात तेवढ्यानेही घराची पत बदलत असे.

३/ या दुभंगणाऱ्या वाटेवर कोण कोणीकडे गेले, याचा हिशेब उपलब्ध आहे. १८८२ साली नेमलेल्या हंटर आयोगाच्या निमित्ताने इलाख्यातील विद्यार्थ्यांची जात-धर्मवार मोजणी पुढे आली. १८८१-८२ मध्ये प्राथमिक शाळांत सुमारे ३ लाख १२ हजार विद्यार्थी होते. त्यांपैकी ६३,०७१ ब्राह्मण, ३९,२३१ मुसलमान, २,७१३ आदिवासी. आणि ज्यांना त्या तक्त्याने ‘कनिष्ठ जातीचे हिंदू’ म्हटले, ते २,८६२. म्हणजे अस्पृश्य गणलेल्या समाजाची मुले शंभरात एकही भरत नव्हती.

४/ आता त्याच वर्षीची मिडल स्कूल पाहू. एकूण विद्यार्थी ११,८५४. त्यांत ब्राह्मण ३,६३९, पारशी १,५२६, ख्रिस्ती १,४२९, मुसलमान ६८७, शेतकरी जातींचे ६२४. ‘कनिष्ठ जातींचे’ १७. आदिवासी ६. सिंधपासून कारवारपर्यंत पसरलेल्या इलाख्यात माध्यमिक वर्गात बसलेली आदिवासी मुले सहा! एका बैलगाडीत ती सगळी मावली असती.

५/ हे आकडे नुसते वाचू नयेत, एकमेकांशी ताडून पाहावेत. प्राथमिक शाळेतील दर १७ ब्राह्मण मुलांमागे एक मुलगा मिडल स्कूलमध्ये दिसतो. अस्पृश्य गणलेल्या जातींत दर १६८ मुलांमागे एक. आदिवासींत दर ४५२ मुलांमागे एक. येथे सावधगिरी हवी : ही एकाच वर्षाची मोजणी आहे, तीच मुले वर जाताना मोजलेली नाहीत. तरीही चाळणीची जाळी कोणासाठी किती बारीक होती, हे त्यातून कळते.

६/ पुढच्या पायऱ्यांवर चित्र आणखी स्पष्ट होते. ब्राह्मण विद्यार्थ्यांचे प्रमाण प्राथमिक शाळेत सुमारे २० टक्के, मिडल स्कूलमध्ये जवळपास ३१, हायस्कुलात ४०, आणि कॉलेजात निम्मे. शेतकरी जातींचे विद्यार्थी मिडल स्कूलमध्ये ५ टक्क्यांच्या किंचित वर, हायस्कुलात ३ टक्क्यांच्याही खाली, आणि साऱ्या इलाख्याच्या कॉलेजांत मोजून पाच. ज्या समाजाच्या घामावर इलाख्याचा महसूल उभा होता, त्याचे पाच पुत्र.

७/ याचा अर्थ एका समाजाची मुले उपजत हुशार आणि दुसऱ्याची मंद, असा काढणारे लोक तेव्हाही होते. पण त्या निष्कर्षाआधी शाळेचे दार पाहायला हवे. १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. तो नाकारला गेला. प्रकरण मुंबई सरकारपर्यंत आणि तेथून वर गेले. निव्वळ सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळा सर्वांना खुल्या असतील, असे तत्त्व त्यानंतर मान्य झाले. मात्र कागदावर तत्त्व मान्य होणे आणि वर्गात बसायला जागा मिळणे, यांत पिढ्यांचे अंतर पडले. ओट्यावर, दाराबाहेर, वेगळ्या तरटावर बसलेला मुलगाही पटावर ‘हजर’च लिहिला जाई.

८/ दुसरा मुद्दा पैशाचा. १८६० च्या दशकात जमीनमहसुलाच्या प्रत्येक रुपयामागे एक आणा लोकल फंडाची पट्टी बसली आणि तिचा एक तृतीयांश भाग शाळांसाठी राखला गेला. पट्टी भरणारा बहुतांशी शेतकरी. खानदेशासारख्या कापसाच्या मुलुखात हा बोजा रयतेला चांगलाच परिचयाचा होता. मग शाळा कोणाच्या पैशावर चालते आणि तिचा लाभ कोणाला होतो, हा प्रश्न अटळ होता.

९/ तो प्रश्न नेमकेपणाने मांडला जोतीराव फुले यांनी. १८८२ च्या ऑक्टोबरमध्ये हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात त्यांनी दाखवून दिले की सरकार उच्च शिक्षणावर सढळ हाताने खर्च करते, आणि महसुलाचा मोठा भाग देणारी रयत प्राथमिक शिक्षणालाही पारखी राहते. इलाख्यातील जवळपास नऊ-दशांश खेड्यांत, म्हणजे सुमारे दहा लाख मुलांसाठी, शाळेची काहीच सोय नसल्याचे सांगितले जाते, याकडे त्यांनी लक्ष वेधले. ठरावीक वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे आणि शिक्षक शेतकरी वर्गातून तयार व्हावेत, या त्यांच्या मागण्या होत्या. शिक्षक मुलांच्या जगातला असला तर मुले शाळेत टिकतात, हा त्यामागचा विचार आजही जुना झालेला नाही.

१०/ तिसरा मुद्दा मोजमापाचा, आणि निकालाच्या फलकाशी त्याचे थेट नाते आहे. इंग्लंडमध्ये १८६२ पासून ‘निकालानुसार अनुदान’ ही पद्धत सुरू झाली. मुंबई इलाख्यातही अनुदानित खासगी शाळांना ती लागू झाली. इन्स्पेक्टर यायचा, मुलांची परीक्षा घ्यायचा, आणि किती मुले कोणत्या विषयात उतरली त्यावर शाळेचे अनुदान ठरायचे. सरकारी पैशाचा हिशेब लागावा, हा हेतू वरवर रास्तच होता.

११/ पण या पद्धतीचा परिणाम एका कल्पित उदाहरणाने पाहू. एका शाळेत २० मुले आहेत, सगळी शिकलेल्या घरांतली. वीसच्या वीस उत्तीर्ण. निकाल १०० टक्के. शेजारच्या शाळेत ६० मुले, बहुतेकांच्या घरात अक्षरओळख नाही, ४५ उत्तीर्ण. निकाल ७५ टक्के. फलकावर पहिली शाळा सरस. समाजात अक्षर पोहोचवण्याच्या कामात दुसरी सरस. आणि जेव्हा निकालाला पैसा किंवा मान चिकटतो, तेव्हा कच्च्या मुलाला परीक्षेला न बसवणे, किंवा मुळात दाखलच न करणे, हा सर्वांत स्वस्त उपाय ठरतो. विसाव्या शतकाच्या आरंभी ही अनुदानपद्धत मोडीत निघाली. तिची सवय मात्र मागे राहिली.

१२/ आता फैजपुराकडे वळू. तापीच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्यालगतच्या काळ्या मातीत वसलेले हे गाव. १९०१ च्या सुमारास वस्ती दहा हजारांच्या आसपास. निळ्या आणि तांबड्या रंगांत कापड व सूत रंगवणाऱ्यांची येथे मोठी वस्ती होती, आणि सातपुड्यातून उतरणाऱ्या लाकडाचा बाजार भरे. अशा गावात शाळेच्या वयाची मुले कोण? लेवा पाटीदार शेतकऱ्यांची, रंगाऱ्यांची, व्यापाऱ्यांची, मजुरांची, महारवाड्यातली, मुसलमान मोहल्ल्यातली. आणि डोंगराच्या बाजूला तडवी व पावरा कुटुंबांची. एका गावाच्या पंचक्रोशीत अख्ख्या इलाख्याचा तक्ता सामावलेला होता.

१३/ या मुलांची शाळा घड्याळावर चाले, घर मात्र हंगामावर. कापूस वेचणीला आला की लहान हात हवेत. गुरे राखायला, धाकट्या भावंडाला सांभाळायला, रंगाच्या पिंपाशी बापाला मदत करायला मूल हवे. शिक्षक पटावर गैरहजेरीची खूण करी. त्या खुणेमागे आळस आहे की सावकाराचा हप्ता, हे पट सांगत नाही. हजेरी तुटली की पाठ तुटतो, पाठ तुटला की मूल त्याच इयत्तेत राहते, आणि दोन वर्षे एकाच इयत्तेत बसलेले मूल एक दिवस येणेच थांबवते.

१४/ भाषेचाही एक उंबरठा होता. यावल-रावेर पट्ट्यात घरोघरी लेवा गणबोली, पश्चिमेकडे अहिराणी, डोंगरात पावरी, मोहल्ल्यात दखनी वळणाची उर्दू. शाळेतले पुस्तक मात्र पुण्याकडच्या शिष्ट मराठीत. ज्या मुलाच्या घरी तीच मराठी बोलली जाई, त्याला पुस्तक वाचायला शिकायचे होते. इतरांना आधी पुस्तकाची भाषा आणि मग वाचन, अशी दुहेरी चढण होती. परीक्षेत गुण मात्र एकाच मापाने मिळत.

१५/ आणि मुली? १९०१ च्या जनगणनेत साऱ्या हिंदुस्थानात शंभर पुरुषांमागे साधारण दहा साक्षर होते. स्त्रियांत हजारामागे सहा-सात. १८८१-८२ चा तक्ता तयार होत होता त्या काळात जळगावजवळच्या आसोदे गावी एक मुलगी नुकती चालू लागली होती. १८८० साली जन्मलेली ही मुलगी कोणत्याही शाळेच्या पटावर कधी आली नाही. ती बहिणाबाई चौधरी. जात्यावर आणि शेतात तिने रचलेली गाणी मुलगा सोपानदेव आणि आप्तांनी टिपून ठेवली. १९५१ मध्ये तिचे निधन झाले. १९५२ मध्ये आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह ती गाणी पुस्तकरूपाने आली. शिक्षणखात्याच्या लेखी ती ‘निरक्षर’ या रकान्यातील एक आकडा होती. तक्ता काय मोजू शकत नाही, याचे याहून ठळक उदाहरण खानदेशात सापडणे कठीण.

१६/ मात्र येथे एक मोह टाळायला हवा. बहिणाबाई शाळेविना थोर झाली, म्हणून शाळा नसली तरी चालते, असे म्हणणे अन्यायाचे होईल. तिची गाणी वाचली ती लिहिता येणारा मुलगा घरात होता म्हणून. ज्या घरांत तोही नव्हता, तेथली किती गाणी जात्याबरोबर थांबली, याचा रकाना कोणत्याच तक्त्यात नाही.

१७/ मार्च १९२७. महाडच्या सत्याग्रहाला काही दिवस उरले होते. मुंबई कायदेमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर चर्चा चालू होती, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर सरकारचेच आकडे सरकारपुढे ठेवत होते. प्राथमिक शाळेत दर हजार लोकसंख्येमागे विद्यार्थी किती? पुढारलेले हिंदू ११९, मुसलमान ९२, मराठा व तत्सम मधल्या जाती ३८, मागासवर्ग १८. माध्यमिक शाळांत दर लाखामागे? त्याच क्रमाने ३,०००, ५००, १४० आणि १४.

१८/ हे दोन्ही आकडे एका मापावर आणून पाहावेत. पुढारलेल्या हिंदूंत दर लाखामागे प्राथमिकमध्ये ११,९०० आणि माध्यमिकमध्ये ३,०००, म्हणजे चारास एक. मुसलमानांत अठरास एक. मधल्या जातींत सत्तावीसास एक. मागासवर्गात १,८०० ला १४, म्हणजे सुमारे एकशे अठ्ठावीसास एक. १८८१-८२ पासून चार दशके लोटली होती. प्राथमिक शाळेचे दार थोडे किलकिले झाले होते. मधल्या पायरीवरची चाळणी मात्र जवळपास तशीच होती.

१९/ त्याच भाषणात आणखी एक आकडा आहे, आणि तो सर्वांत जड आहे. प्राथमिक शाळेत पाऊल टाकणाऱ्या दर शंभर मुलांपैकी चौथीपर्यंत पोहोचतात अठरा. उरलेली ब्याऐंशी मुले पुन्हा निरक्षरतेत जातात. आता सुरुवातीच्या फलकाची आठवण करावी. त्या अठरांपैकी सतरा उत्तीर्ण झाली, तर शाळेचा निकाल ९४ टक्के लागेल. ब्याऐंशी मुले त्या टक्केवारीच्या छेदातही नाहीत आणि अंशातही नाहीत. १९२९ च्या हार्टोग समितीच्या अहवालात याच दुखण्याची देशव्यापी चर्चा झाली. मराठी शिक्षणक्षेत्रात ‘गळती’ आणि ‘स्थगिती’ हे शब्द पुढे रूढ झाले.

२०/ उपाय म्हणून काय पुढे आले? एक मार्ग कायद्याचा. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले; ते १९१२ मध्ये फेटाळले गेले. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १९०६ मध्ये आणि कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये ते करून दाखवले. मुंबई इलाख्यात १९१८ व १९२३ चे प्राथमिक शिक्षणाचे कायदे झाले. १९२३ मध्येच सी. के. बोले यांच्या ठरावाने सार्वजनिक पाणवठ्यांबरोबर शाळाही अस्पृश्यांना खुल्या असल्याचे कायदेमंडळाने म्हटले.

२१/ दुसरा मार्ग शाळेच्या भिंतीबाहेरचा होता, आणि तो फैजपुरातून जातो. २७ आणि २८ डिसेंबर १९३६ रोजी काँग्रेसचे पन्नासावे अधिवेशन येथे भरले. खेड्यात भरलेले हे पहिले अधिवेशन. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. टिळकनगराच्या बांबू-तट्ट्यांची सजावट नंदलाल बोस यांची. खिरोद्याचे धनाजी नाना चौधरी आणि अमळनेरला १९२४ ते १९३० या काळात शिक्षक राहिलेले साने गुरुजी यांच्यासारखी माणसे त्यासाठी राबली. वर्णने बहुधा येथेच थांबतात.

२२/ पण या अधिवेशनाचे महत्त्वाचे कागद म्हणजे शेतीविषयक कार्यक्रम : सारा आणि खंड कमी करणे, कर्जाचे ओझे हलके करणे. शिक्षणाच्या इतिहासाच्या पुस्तकात या ठरावाला सहसा जागा मिळत नाही, पण ती मिळायला हवी. कर्ज उतरले तर मजूर लावता येतो. मजूर लावता आला तर मूल शेतातून सुटते. मूल सुटले तर पटावर टिकते. चौथीपर्यंत पोहोचणाऱ्या अठरांचे वीस किंवा तीस व्हायचे असतील, तर त्याचा एक धागा खतावणीतून जात होता.

२३/ पुढील चौदा महिन्यांत दुसरा धागाही जोडला गेला. १९३७ मध्ये निवडणुका होऊन प्रांतांत मंत्रिमंडळे आली. मुंबईत बाळासाहेब खेर. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत मांडणी झाली : सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, मातृभाषेतून, हाताच्या कामाला जोडलेले. डॉ. झाकिर हुसेन समितीने तिला आराखड्याचे रूप दिले. फेब्रुवारी १९३८ मध्ये काँग्रेसने हे तत्त्व स्वीकारले ते फैजपूरनंतरच्या लगेचच्या अधिवेशनात, हरिपुऱ्याला. योगायोग असा की फैजपूर आणि हरिपुरा ही दोन्ही गावे एकाच तापीच्या खोऱ्यातली.

२४/ ‘सात वर्षे’ या शब्दांत क्रांती होती. आजवर चौथीशी दुभंगणारी वाट सातवीपर्यंत सर्वांसाठी एकच असावी, असे त्यात अभिप्रेत होते. योजनेवर टीकाही झाली : मुलांच्या सूतकताईतून शाळेचा खर्च निघावा ही अपेक्षा मुलांना मजूर करील, आणि गरिबांच्या वाट्याला टकळी व श्रीमंतांच्या वाट्याला इंग्रजी असे होईल, हा आक्षेप गंभीर होता. ती योजना तशीच्या तशी टिकली नाही. तिने मांडलेले माप टिकले.

२५/ स्वातंत्र्याच्या आगेमागे खानदेशातच वरच्या पायऱ्या उभ्या राहू लागल्या : जळगावचे मूळजी जेठा महाविद्यालय, १९४५ मध्ये अमळनेरचे प्रताप महाविद्यालय, १९६१ मध्ये फैजपूरचे धनाजी नाना महाविद्यालय. १८८१-८२ मध्ये साऱ्या इलाख्याच्या कॉलेजांत शेतकरी जातींचे पाच विद्यार्थी होते. ऐंशी वर्षांनी शेतकऱ्यांच्या गावातच कॉलेज आले. १९९० मध्ये जळगावला विद्यापीठ स्थापन झाले, आणि २०१८ मध्ये त्याला बहिणाबाईंचे नाव मिळाले. पटावर कधी न आलेल्या बाईचे नाव आज हजारो पदवीपत्रांवर छापले जाते.

२६/ आज शिक्षणहक्क कायद्याने (२००९, अंमल १ एप्रिल २०१० पासून) सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला आठवीपर्यंतचा हक्क दिला आहे. प्रत्येक शाळा दरवर्षी यू-डायस प्रणालीत माहिती भरते : मुले किती, मुली किती, सामाजिक प्रवर्ग कोणता, माध्यम कोणते, दिव्यांग किती. हे रकाने कंटाळवाणे वाटतात. पण १८८१-८२ च्या तक्त्याचे ते वारस आहेत, आणि तो तक्ता नसता तर फुल्यांचा युक्तिवाद आणि आंबेडकरांचे भाषण निव्वळ तक्रार म्हणून बाजूला सारता आले असते.

२७/ म्हणून एखाद्या जिल्हा परिषदेच्या किंवा नगरपालिकेच्या शाळेचा निकाल हाती आला, तर टक्केवारीआधी चार गोष्टी पाहाव्यात. पहिलीत दाखल झालेल्यांपैकी आठवीत किती उरले? मुलींचे प्रमाण इयत्तेगणिक कसे बदलले? घरची भाषा आणि शाळेची भाषा यांत अंतर किती? आणि वेचणीच्या महिन्यांत हजेरी कोणाची तुटते? या चारांची उत्तरे मिळाल्यावर उरतो तो शाळेचा खरा निकाल. कधी तो फलकापेक्षा उणा निघेल. कधी ६० टक्क्यांची एखादी शाळा १०० टक्क्यांच्या शाळेहून मोठे काम करताना आढळेल.

२८/ त्या १७ आणि ६ मुलांची नावे १८८१-८२ च्या तक्त्यात नाहीत. कोणत्या गावची, कोणत्या घरची, कोणी त्यांना शाळेत पाठवले आणि वर्गात त्यांना कोठे बसवले, यांतले काही तक्ता सांगत नाही. तो एवढेच सांगतो की जाळी इतकी बारीक असतानाही ती तेवीस मुले पलीकडे निघाली होती. (समाप्त)